खासगी फाउंडेशनकडे अनुदान मागताना या चुका टाळा

दुर्बल घटकांसाठी काम करणाऱ्या संस्थेचा प्रस्ताव नाकारला गेला की गरज पुरेशी पटवून देता आली नाही असे कार्यकर्त्यांना वाटते आणि पुढच्या प्रस्तावात दुःखाचे वर्णन आणखी गडद केले जाते. दोष बहुधा तिथे नसतो. प्रस्ताव वाचणाऱ्याला गरज आधीच मान्य असते. हे काम आपल्याच फाउंडेशनने का उचलावे आणि अनुदानाची मुदत संपेल तेव्हा त्या माणसांच्या आयुष्यात नेमके काय बदललेले असेल, हे त्याला त्या कागदांत सापडत नाही.

माहिती न काढता केलेला अर्ज

एकच प्रस्ताव केवळ नाव बदलून अनेक ठिकाणी पाठवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण तिच्यात वेळ तर जातोच, शिवाय ज्या एक-दोन फाउंडेशनशी खरोखर जुळले असते तिथेही संस्थेची छाप घाईची पडते. फाउंडेशनच्या संकेतस्थळावरील ध्येयवाक्य वाचून भागत नाही. तिने गेल्या काही वर्षांत कोणाला, कशासाठी आणि किती रक्कम दिली हे पाहावे लागते. अमेरिकेतील खासगी फाउंडेशनना दरवर्षी भरावा लागणारा ‘९९०-पीएफ’ हा फॉर्म सार्वजनिक असतो आणि त्यात दिलेल्या अनुदानांची यादी असते. आपण आधीच निवडलेल्या संस्थांनाच मदत करतो, न मागवलेले अर्ज स्वीकारत नाही, असे सांगण्याची सोयही त्याच फॉर्ममध्ये आहे. तिथे तशी खूण असेल तर प्रस्ताव लिहीत बसण्याऐवजी परिचयासाठी प्रयत्न करावा. यादीतील बहुतेक अनुदाने लहान असतील तर पहिल्याच भेटीत त्यांच्या कितीतरी पट रक्कम मागू नये.

कायद्याच्या मर्यादाही आधीच तपासाव्यात. अमेरिकी खासगी फाउंडेशनला विधेयकाच्या बाजूने किंवा विरोधात लोकप्रतिनिधींचे मन वळवण्यासाठी राखून ठेवलेला निधी दंडात्मक कराशिवाय देता येत नाही. त्यामुळे हक्कांच्या क्षेत्रातील संस्थेने असे काम त्या अनुदानाच्या अंदाजपत्रकात घालू नये. परदेशी संस्थेला पैसे देताना त्याच फाउंडेशनला ती संस्था अमेरिकी सार्वजनिक धर्मादाय संस्थेच्या तोडीची आहे असे ठरवावे लागते, किंवा खर्चावर देखरेख ठेवण्याची जबाबदारी घ्यावी लागते. म्हणून घटनापत्र, लेखापरीक्षण अहवाल आणि विश्वस्तांची यादी हाताशी तयार ठेवणे हे प्रस्तावाइतकेच महत्त्वाचे आहे.

माणसांची ओळख आणि प्रतिष्ठा पणाला लावणे

ही चूक मला सर्वांत गंभीर वाटते, कारण तिची किंमत संस्था मोजत नाही, ज्यांच्या नावाने पैसे मागितले जातात ती माणसे मोजतात. घरातील हिंसेतून सुटून आलेल्या स्त्रीचा फोटो, एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलाचे नाव किंवा निर्वासित कुटुंबाचा पत्ता प्रस्तावात गेला, की ती कागदपत्रे किती जणांच्या हाती जातील यावर संस्थेचा ताबा उरत नाही. नाव बदलले तरी वय, आजार, व्यवसाय आणि वस्ती एकत्र दिल्यावर माणूस ओळखू येतो, हे विसरले जाते.

संमतीपत्रावर सही आहे, एवढे उत्तर पुरेसे नाही. निवारा, औषध किंवा जेवण ज्या संस्थेकडून मिळते तिला नाही म्हणणे अवघड असते; म्हणून नकार दिला तरी सेवेत काही फरक पडणार नाही हे स्पष्ट सांगावे, मजकूर आणि फोटो कुठे वापरले जातील ते दाखवावे, आणि पुढे कधीही संमती मागे घेता येईल अशी सोय ठेवावी. मुलांच्या बाबतीत पालकाची संमती आणि मुलाची स्वतःची तयारी, दोन्ही पाहावीत. फाउंडेशनने लाभार्थ्यांची नावानिशी यादी मागितली तर ती निमूटपणे देण्याऐवजी सांकेतिक क्रमांकांसह एकत्रित आकडेवारी देऊ करावी आणि प्रत्यक्ष पडताळणी संस्थेच्या कार्यालयात, गोपनीयतेच्या अटींवर करता येईल असे कळवावे. कारण नीट समजावून सांगितले तर गंभीर अनुदानदाता ते समजून घेईल; जो समजून घेणार नाही, त्याचे पैसे अशा कामाला धोक्याचे आहेत.

दयनीय चित्रणाचा आणखी एक तोटा असा की त्यातून माणसे केवळ असहाय दिसतात आणि वाचणाऱ्याला उपायाचा मार्ग दिसत नाही. ‘२०० स्त्रियांना समुपदेशन दिले’ हे झाले संस्थेने केलेले काम. त्यांपैकी किती जणी सहा महिन्यांनंतर सुरक्षित ठिकाणी राहत आहेत हा झाला बदल. दुसरी संख्या लहान असली तरी तीच लिहावी आणि ती कशी मोजली तेही सांगावे. आरंभीची स्थिती नोंदवलेली नसेल तर आधी ती नोंदवण्यासाठी दोन-तीन महिने काढणे फुगवलेल्या आकड्यांपेक्षा शहाणपणाचे ठरते.

अंदाजपत्रकातील खोटी काटकसर

संस्था काटकसरी दिसावी म्हणून लेखापाल, भाडे, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि सुरक्षेचा खर्च गाळला जातो. मग मंजूर रकमेत काम होत नाही, आणि आघातग्रस्तांसोबत रोज काम करणारे कर्मचारी थकून सोडून जातात, ज्याचा फटका पुन्हा त्याच दुर्बल माणसांना बसतो. प्रशासकीय खर्चावर फाउंडेशनची मर्यादा असेल तर ती पाळावी. मात्र प्रकल्पाशी थेट जोडलेला पर्यवेक्षकाचा पगार, दुभाष्या किंवा व्हीलचेअरला साजेशी वाहतूक हा प्रकल्पखर्चच आहे, तो तसाच दाखवावा. मागितल्यापेक्षा कमी रक्कम मंजूर झाली तर तेवढ्यातच सगळे करून दाखवण्याचे वचन देऊ नये. लोकांची संख्या किंवा कालावधी किती कमी होईल ते लेखी कळवून सुधारित अंदाजपत्रकाला मान्यता घ्यावी.

नकार आणि मंजुरी यांनंतर

नकार आल्यावर दोन ओळींचे आभारपत्र पाठवून, प्रस्ताव विषयात बसत नव्हता की मांडणीत कमी पडला, एवढेच विचारावे. पहिले उत्तर आले तर ती फाउंडेशन यादीतून काढावी. दुसरे आले तर दुरुस्ती करून पुढच्या फेरीत पुन्हा जावे. उत्तर आलेच नाही तर एकदा आठवण करावी आणि थांबावे.

मंजुरीनंतरची नेहमीची चूक म्हणजे अडचण अंतिम अहवालापर्यंत दडवणे. एका कामासाठी आलेला पैसा परवानगीशिवाय दुसरीकडे वळवला, मग तो निकडीच्या औषधांवर का असेना, तर तो अटींचा भंग ठरतो आणि पुढचा हप्ता थांबू शकतो. परिस्थिती बदलताच पत्र लिहून फेरबदल मागावा. आणि निवारागृहासारख्या, मध्येच बंद करता न येणाऱ्या सेवेसाठी अनुदान घेत असाल, तर ते संपल्यावर तिथे राहणाऱ्यांची व्यवस्था कुठे होईल याचे लेखी नियोजन करारावर सही करण्यापूर्वी विश्वस्तांकडून मंजूर करून घ्यावे.