लघवीची नळी घरी सांभाळताना या चुका टाळा

प्रोस्टेटमुळे आप्पांची लघवी अडली आणि ऑपरेशन त्यांच्या हृदयाला झेपणारं नव्हतं, म्हणून कायमची नळी बसवली. सोलापुरात विडी घरकुल वसाहतीतल्या घरी आम्ही ती दोन वर्षं सांभाळली.

सगळ्यात मोठी चूक माझी. तपासणीला नेताना रिक्षात बसवलं आणि पिशवी त्यांच्याच मांडीवर दिली. पिशवी वर गेली की साचलेली लघवी उलटी मूत्राशयात जाऊ शकते. दोन दिवसांनी आप्पांना हुडहुडी भरून ताप आला. तेव्हापासून पिशवी कायम कमरेच्या खाली, पण फरशीला न टेकता. पलंगाच्या पट्टीला तारेचा हूक केला. नळी मांडीला चिकटपट्टीने सैलसर बांधली, म्हणजे कूस बदलताना ओढ बसत नाही.

दुसरी चूक पाणी तोडण्याची. मे महिन्यात सोलापूरचा पारा बेचाळीसच्या पुढे, आणि आप्पा पाणीच टाळायचे. सुनेला सारखी पिशवी ओतायला लावायला त्यांना जड वाटायचं. लघवी काळ्या चहासारखी झाली, नळीत खडूसारखा चुरा दिसू लागला. काही जंतू लघवीतला युरिया फोडतात, मग क्षार नळीच्या तोंडाशी बसतात आणि नळी तुंबते. डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं नसेल तर लघवी फिकट राहील इतकं पाणी द्या.

पिशवी धुवायची म्हणून नळीचा जोड रोज उघडू नका, जंतूंना तीच वाट मिळते. पिशवी पाऊण भरायच्या आत खालच्या तोटीतून ओता, आधी आणि नंतर साबणाने हात धुवा. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, म्हणून हात धुण्यापुरती तोटीची टाकी वेगळी ठेवली. बॅरलमध्ये बुडवलेला तांब्या या कामाला नको. लघवीची जागा रोज साध्या साबणपाण्याने धुवा. डेटॉल, पावडर नको. पुरुषांची पुढची कातडी मागे घेतली तर धुऊन झाल्यावर परत पुढे आणाच, नाहीतर सूज येऊन ती अडकते.

रिपोर्टमध्ये जंतू दिसले की मेडिकलमधून अँटिबायोटिक आणणारे खूप आहेत. महिनाभर नळी असलेल्या जवळपास प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतात. ताप, थंडी, कुशीत दुखणं, अचानक बरळणं असं काही नसेल तर औषध नको. विनाकारण घेतलं तर खऱ्या गरजेला ते लागू पडत नाही. तपासणीची लघवी पिशवीतून कधीच देऊ नका, शक्यतो नवी नळी घातल्यावर घ्यायला सांगा.

लघवी येईना, तर नळी दुमडली आहे का, अंगाखाली दबली आहे का, पोट साफ होतं का ते बघा. बद्धकोष्ठानेही नळी दाबली जाते. बाजूने गळत असेल तरी हेच बघा. जाड नळी घाला असा आग्रह धरू नका. पोट फुगून दुखतंय आणि थेंब नाही, किंवा लघवीत रक्ताच्या गाठी आहेत, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. नळी स्वतः ओढू नका, आत पाण्याने भरलेला फुगा असतो.

साधी लॅटेक्सची नळी फार तर चार आठवडे चालते, सिलिकॉनची बारापर्यंत. तुंबत असेल तर लवकर बदलावी लागते. प्रत्येक वेळी ‘अजून नळी लागते का?’ हे डॉक्टरांना विचाराच. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आम्ही बदलल्याची तारीख आणि खाली लिहायचो: जाडी 16 नंबर, सिलिकॉन, फुगा 10 मिली. एकदा रात्री दोनला नळी तुंबली, तेव्हा तेवढ्या एका ओळीवर सिस्टरांनी लगेच नवी काढून घातली.