जुना गेमिंग पीसी, कमी खर्चात

माझ्या पीसीत २०१३ चा इंटेलचा आय-फाइव्ह ४५७० प्रोसेसर. सांगलीच्या उन्हाळ्यात गेम सुरू केला की अडखळायचाच. नवा प्रोसेसर म्हणजे मदरबोर्ड आणि रॅमही नवी, म्हणून तो विचारच सोडला.

आधी कॅबिनेट उघडलं. कूलरखाली धुळीचा जाड थर, थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत पोचवणारा लेप) वाळून खडूसारखी झालेली. साफ करून नवी पेस्ट लावली. तेवढ्यानेच तापमान उतरलं आणि अडखळणं थांबलं. जवळपास फुकटात जमेल ते आधी कराच! मग साटा एसएसडीवर (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण) विंडोज टाकलं. सांगलीतल्याच विश्रामबागेत डीडीआर-थ्री रॅमची जुनी स्टिक मिळाली.

ग्राफिक कार्ड जीटीएक्स १६५०, ७५ वॅटचं. त्यातही वेगळी पॉवर केबल न लागणारंच मॉडेल घेतलं, नाहीतर एसएमपीएसही (पीसीला वीज पुरवणारा डबा) बदलावा लागला असता. घेताना कार्डाची कड नीट बघा, काही मॉडेलना सहा पिनचा सॉकेट असतो.