घरच्या घरी २ जी: मुगाला जादा गुरुत्वाकर्षणात वाढवून बघा

१ जी म्हणजे पृथ्वीची नेहमीची ओढ, २ जी म्हणजे तिच्या दुप्पट. गुरुत्वाकर्षण वाढवायचं म्हणजे वस्तू गोल फिरवत ठेवायची, घरी दुसरा उपाय नाही. १८०६ मध्ये थॉमस अँड्र्यू नाइट या इंग्रजाने ओढ्याच्या पाण्यावर फिरणाऱ्या चाकाला बिया बांधल्या, तर मुळं बाहेरच्या दिशेने गेली आणि कोंब चाकाच्या मध्याकडे. तेच आपण मोटरवर करायचं.

लागेल काय तर १२ व्होल्टची १०० आरपीएमची (म्हणजे मिनिटाला १०० फेरे) गिअर मोटर, अ‍ॅडॉप्टर, ३० सेंमीची प्लायची पट्टी, झाकणाच्या दोन छोट्या पारदर्शक डब्या आणि कापूस. मोटर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन सहज मिळते. मिक्सरची मोटर अजिबात नको, वेग फार जास्त असतो आणि डबी सुटली तर लागेल कोणाला तरी.

हिशोब सोपा आहे, आरपीएमचा वर्ग गुणिले सेंमीमधली त्रिज्या, भागिले ९० हजार. १५ सेंमीवर १०० आरपीएम म्हणजे साधारण १.७ जी आडवा ओढ, त्यात पृथ्वीचा १ जी खाली, दोन्ही मिळून जवळपास २ जी (सरळ बेरीज करायची नाही, काटकोनातले आहेत ते). लोड आल्यावर मोटर थोडी मंद होते, म्हणून पट्टीला रंगीत टेप लावून मोबाईलवर स्लो मोशन व्हिडिओ घ्या आणि खरे फेरे मोजा.

मूग रात्रभर भिजवा, मग फडक्यात बांधून ठेवा आणि नुकताच मोड आलेले घ्या. डबीत ओला पण पिळलेला कापूस दाबून भरा, पाणी जास्त राहिलं तर ते सगळं बाहेरच्या भिंतीला जाऊन बसतं आणि तिकडचे मूग कुजतात. मोडाचं टोक मध्याकडे ठेवा, म्हणजे वळलेलं लगेच कळेल. झाकणाला हवेसाठी बारीक भोक पाडा. दोन्ही डब्यांचं वजन सारखं हवं, नाहीतर सगळं थरथरतं, किचनच्या काट्यावर बघून कापूस कमी-जास्त करा. डब्या पट्टीच्या दोन टोकांना स्क्रूने पक्क्या बसवा, पट्टी मधोमध मोटरच्या दांड्यावर आडवी बसवा, मोटर उभी घट्ट बांधा आणि सगळ्यावर मोठा खोका उपडा घाला, सुरक्षाही होते आणि अंधारही, कारण उजेड असला की कोंब उजेडाकडे वळतो आणि मग कशामुळे वळला ते सांगता येत नाही.

तशीच तिसरी डबी शेजारी न फिरवता अंधारात ठेवा. ही टाळू नका प्लीज, तिच्याशिवाय प्रयोगाला अर्थच नाही.

एक दिवस सलग फिरू द्या, अधूनमधून मोटर तापली का बघा. लाइट जाणारी जागा असेल तर १२ व्होल्टची बॅटरी लावा, कारण मधे थांबलं की मूळ परत सरळ खाली वळायला लागतं.

मुळाच्या टोकाच्या पेशींमध्ये स्टार्चचे जड कण असतात, ओढ असेल तिकडे ते पेशीत खाली बसतात आणि मूळ त्या बाजूला वळतं. पृथ्वीची ओढ आणि फिरण्याची ओढ यातला फरक झाडाला कळत नाही, मला यातलं सगळ्यात भारी हेच वाटतं! मूळ बाहेर आणि खाली असं तिरकं जाईल, उभ्या रेषेपासून साधारण ६० अंश. फोटो काढून कोनमापकाने मोजा.

रोप बुटकं होईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. खोड आखूड आणि जाड होणं, पेशीभित्तिका कडक होणं हे लॅबमध्ये ३०० जीला वगैरे दिसलंय, तिथपर्यंत घरी जायचंही नाही. त्याऐवजी पट्टीवर निम्म्या अंतरावर आणखी दोन डब्या लावा, तिथे आडवी ओढ निम्मी, म्हणजे कोन ४० अंशांच्या आसपास यायला हवा.