निरोप पोचणार की नाही, हे समोरचं मशीन ठरवतं

सिस्टम सपोर्टला नवीन लागलात की लवकरच कोणीतरी सांगतं, "सर्व्हर बंद करायचाय, सगळ्यांना मेसेज टाक." जुनी मंडळी लगेच 'नेट सेंड' (net send) ही विंडोजची मेसेज पाठवायची जुनी कमांड सुचवतात. ते डोक्यातून काढून टाका. त्यामागची मेसेंजर सर्व्हिस विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ पासून, म्हणजे २००४ पासूनच, बंद अवस्थेत यायला लागली, कारण तिच्यातून जाहिरातींचे पॉपअप घुसत होते. त्यापुढच्या विंडोज व्हिस्टापासून ती पुरती गेली. आता हाताशी आहे ती 'एमएसजी' (msg) ही कमांड, आणि तीही विंडोजच्या होम आवृत्तीत नसते.

कमांड सरळ आहे: एमएसजी, मग युजरचं नाव किंवा तारा (*), स्लॅश सर्व्हर कोलन मशीनचं नाव, शेवटी मजकूर. तारा म्हणजे त्या एका मशीनवरची सगळी सेशन्स, म्हणजे तिथे लॉगिन असलेले सगळे, अख्खं नेटवर्क नव्हे. दहा मशीन असतील तर नावांच्या यादीवर लूप चालवावा लागतो, म्हणजे एकेका नावासाठी तीच कमांड पुन्हा पुन्हा.

आता खरी अडचण. स्वतःच्या मशीनवर मेसेज झळकतो, दुसऱ्याला पाठवला की 'एरर ५ गेटिंग सेशन नेम्स'. माझा सगळ्यात जास्त वेळ या एका ओळीनं खाल्ला. पाच म्हणजे परवानगी नाकारली, म्हणून माणूस आपल्या खात्याचे हक्क तपासत बसतो. ते तपासायलाच हवेत, समोरच्या मशीनवर ॲडमिन हक्क लागतात. पण हक्क पुरेसे असूनही हाच पाच येतो, कारण साध्या डेस्कटॉप विंडोजमध्ये रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातली, 'अलाऊ रिमोट आरपीसी' (AllowRemoteRPC) ही किंमत शून्य असते. ती एचकेएलएम (HKEY_LOCAL_MACHINE) खाली सिस्टम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, टर्मिनल सर्व्हर इथे सापडते आणि १ करावी लागते. कुठे? ज्याला मेसेज जायचाय त्याच्या मशीनवर. आपल्या मशीनवर बदलून काहीही होत नाही. कारणं दोन आणि आकडा एकच, म्हणून आधी हक्क, मग रजिस्ट्री, हा क्रम सोडू नका. पाचाऐवजी एरर १७२२ आला तर प्रश्न वेगळा: नाव चुकलंय, मशीन बंद आहे किंवा फायरवॉल आडवी येतेय.

फायरवॉलच बंद करून टाक, असा सल्ला देणारे सीनियर भेटतील. ऐकू नका. लागतो तो ४४५ पोर्ट, तेवढाच आणि तोही आतल्या नेटवर्कपुरता उघडा. तयार बॅच फाइल (कमांड लिहून ठेवलेली फाइल) हातात ठेवून निघून जाणाऱ्यापेक्षा शेजारी बसून एक एरर समजावणारा माणूस मला कधीही मोलाचा वाटतो. असा कोणी भेटला तर त्याला धरून राहा.

लिनक्सवर त्रास कमी. 'वॉल' (wall) कमांड सगळ्यांना, 'राइट' (write) एकाला. फक्त तो मजकूर टर्मिनलवर उमटतो. नुसता ब्राउझर उघडून बसलेल्याला दिसेलच असं नाही.

पहिल्यांदा अडलात तर घाबरू नका, यात तुमच्या हुशारीचा काही संबंध नाही. 'क्वेरी युजर' (query user) या कमांडनं आधी कोण लॉगिन आहे ते बघा. मेसेज महत्त्वाचा असेल तर एमएसजीला स्लॅश डब्ल्यू (/w) लावा, म्हणजे समोरच्यानं ओके दाबलं की नाही ते कळतं. स्लॅश टाइमनं किती सेकंद दिसावा तेही ठरवा. आणि सर्व्हर बंद करायच्या आधी ज्यांचं ओके आलं नाही, त्यांना फोन करा.