अ‍ॅनाटॉमी फिजिओलॉजी डोक्यात राहत नाहीये? आधी स्वतःच्या अंगावर बोटं ठेवा

जीएनएम असो, बीएस्सी नर्सिंग असो की डीफार्म, पहिल्या वर्षाला एपी (अ‍ॅनाटॉमी-फिजिओलॉजी, म्हणजे शरीराची रचना आणि काम) हा विषय आहेच आणि जवळपास सगळे एकच करतात, पहिल्या पानापासून रट्टा मारायला घेतात. सेल झालं, टिश्यू झालं, मग 206 हाडं आली की पुस्तक मिटलं. माझं म्हणणं एवढंच की नाव नंतर पाठ करा, आधी ती गोष्ट स्वतःच्या शरीरात कुठे सापडते आणि ती नसती तर काय अडलं असतं ते बघा.

सुरुवात पेशीपासून. कॉलेजच्या लॅबमध्ये टूथपिकच्या बोथट टोकाने गालाच्या आतून हलकं खरवडा (रक्त काढायचं नाहीये!), स्लाइडवर सलाइनच्या थेंबात ते पसरवा, वरून मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचा एक थेंब, मग कव्हरस्लिप तिरकी धरून सावकाश सोडा नाहीतर हवेचे बुडबुडे अडकतात आणि लोक त्या बुडबुड्यालाच सेल समजून चित्र काढतात. मायक्रोस्कोपमध्ये फरशीच्या तुकड्यांसारख्या चपट्या पेशी दिसतील, मध्ये गडद निळा ठिपका, तो न्यूक्लियस, म्हणजे पेशीचं केंद्रक. तोंडात याच पेशींचे थरावर थर असतात आणि ती झाली ऊती, म्हणजे टिश्यू.

टिश्यू चारच प्रकारचे, एपिथेलियल, कनेक्टिव्ह, मसल, नर्व्ह. जठर घ्या, आतून एपिथेलियम, त्याला आधार द्यायला कनेक्टिव्ह, अन्न घुसळायला मसल, आणि कधी घुसळायचं ते ठरवायला नर्व्ह. चारही एका पिशवीत आले, अवयव तयार. अशाच अवयवांची टीम म्हणजे सिस्टिम, पचनसंस्थेत जठराच्या पुढेमागे अन्ननलिका, आतडी, लिव्हर, पॅन्क्रियाज वगैरे.

आता हृदय, याला वेळ द्या कारण व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) हमखास विचारतात. गळ्याखालच्या खळग्यातून बोट छातीच्या हाडावर खाली सरकवा, साधारण 5 सेंटीमीटरवर आडवा उंचवटा लागेल, त्याच्या शेजारी दुसरी बरगडी. तिच्याखालची जागा दुसरी इंटरकोस्टल स्पेस, तिथून डाव्या बाजूला मोजत पाचव्या स्पेसपर्यंत या आणि कॉलरबोनच्या मध्यातून सरळ खाली येणाऱ्या रेषेच्या आसपास चाचपा. टकटक लागली तर ती एपेक्स बीट, म्हणजे हृदयाच्या टोकाचा ठोका. नाही लागली तर डाव्या कुशीवर वळून बघा, तरी नाही लागली तर घाबरू नका, बऱ्याच जणांना नीट लागत नाही. स्टेथो असेल तर ऐका, लब म्हणजे एट्रियम (हृदयाचा वरचा कप्पा) आणि व्हेंट्रिकल (खालचा कप्पा) यांच्यामधल्या झडपा बंद झाल्या, डब म्हणजे एओर्टा (शरीराकडे जाणारी मुख्य धमनी) आणि पल्मनरी आर्टरी (फुप्फुसांकडे जाणारी धमनी) यांच्या तोंडाच्या झडपा बंद झाल्या.

रक्ताचा रस्ता पुस्तक न बघता कागदावर काढायचा, उजवं एट्रियम, उजवं व्हेंट्रिकल, फुप्फुसं, डावं एट्रियम, डावं व्हेंट्रिकल, एओर्टा. आर्टरी म्हणजे शुद्ध रक्त असं शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं ते काढून टाका, हृदयापासून दूर नेते ती आर्टरी, म्हणून पल्मनरी आर्टरीत ऑक्सिजन कमी असलेलं रक्त असतं.

मग मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, दोन बोटांनी नाडी धरा (अंगठ्याने नको, त्याची स्वतःची नाडी जाणवते) आणि खोल श्वास घ्या. तरुण असाल तर श्वास आत घेताना ठोके किंचित जलद, सोडताना संथ होतात. म्हणजे श्वसन, हृदय आणि नर्व्हस सिस्टिम तिन्ही एका मनगटावर, आणि पुस्तकात तीन वेगळे चॅप्टर आहेत म्हणून आपण ते तीन वेगळे विषय समजतो.

किडनीसाठी दोनच आकडे पुरे, दिवसाला साधारण 180 लिटर पाणी रक्तातून गाळलं जातं आणि लघवी होते दीड लिटरच्या आसपास, मग बाकीचं कुठे जातं असं स्वतःला विचारलं की रीअ‍ॅब्जॉर्प्शन (गाळलेलं परत रक्तात शोषून घेणं) आणि नेफ्रॉनच्या, म्हणजे किडनीतल्या बारीक गाळणीच्या, नळीचे सगळे भाग आपोआप वाचावे लागतात.

एंडोक्राइन, म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या ग्रंथी, मात्र शेवटी घ्या, तिथे हाताला फारसं काही लागत नाही, तक्ताच करावा लागतो. ग्रंथी, हार्मोन, काम, जास्त झालं तर काय, कमी झालं तर काय, एवढे पाच रकाने. एक थायरॉइड तेवढी गळ्यात पुढेच असते, आरशासमोर पाण्याचा घोट गिळताना बघा, ती स्वरयंत्राबरोबर वर सरकते, म्हणूनच डॉक्टर गळा तपासताना गिळायला सांगतात.