राजाच्या घोषणेचं पदक विकत घेताना

आमच्या घरात दोन पिढ्या हुपरीच्या चांदीकामात गेल्या. मी संगणकाच्या नोकरीपायी माद्रिदला आलो आणि प्लाझा मायोरच्या कमानींखाली रविवारी भरणाऱ्या नाणेबाजारात पुन्हा चांदीच्याच नादी लागलो.

अठराव्या शतकात स्पेनच्या राजाला मुकुट चढवत नसत, त्याची घोषणा करत. गावच्या चौकात मंच उभारायचा, राजध्वज उंचावून ‘कास्तिया, कास्तिया!’ (स्पेनमधल्या जुन्या राज्याचं नाव) अशी आरोळी द्यायची आणि गर्दीवर चांदीची पदकं उधळायची. स्पेनमधलं आणि अमेरिका खंडातल्या त्याच्या वसाहतींमधलं शहर आपापली पदकं पाडून घेई. म्हणून राजाचा चेहरा नंतर, आधी गावाचं नाव शोधा. नाव सापडलं नाही तर शहराचं चिन्ह बघा: अस्वल आणि झाड म्हणजे माद्रिद, तीन बुरूज आणि किल्ली म्हणजे हवाना.

मग साल. तिसऱ्या कार्लोसची घोषणा माद्रिदला १७५९ मध्ये झाली, मेक्सिकोच्या पदकांवर १७६० असतं. बातमी जहाजाने जायची, त्यामुळे एवढ्या फरकावरून पदक खोटं ठरवू नका. १८०८ ची तर गंमतच. सातवा फर्नांदो नेपोलियनच्या कैदेत, आणि अमेरिका खंडातल्या वसाहतींमधली शहरं त्याच्याच नावाने पदकं पाडतायत!

आता चांदी. पुष्कळ पदकं रियाल या स्पेनच्या जुन्या चांदीच्या नाण्यांच्या मापाची असतात. चार रियालचं साधारण साडेतेरा ग्रॅम, दोनचं त्याच्या निम्मं. सोनाराच्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. पदक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल त्याने पदकाच्या वजनाला भागा. साडेतेरा ग्रॅमला १.३१ आला तर उत्तर १०.३ येतं, म्हणजे नाण्याची चांदी. नऊच्या घरात आलं तर पदक परत द्या.

एवढ्यावर मात्र भुलू नका. माझं पहिलं पदक या परीक्षेत पास झालं होतं. घरी दहापट भिंगाखाली धरलं तर अक्षरांच्या कडा साबणासारख्या बोथट, पृष्ठभागावर बारीक खड्डे आणि काठावर कानस फिरवल्याच्या रेघा. चांदी खरी, पण काम ओतीव! ठशाखाली पाडलेल्या पदकाची अक्षरं धारदार उठतात. सोनाराच्या पोराने हे दुकानातच ओळखायला हवं होतं.

भोक किंवा कडी दिसली तर नाक मुरडू नका. लोक ही पदकं अंगावर घालत, आमची आजी राणीछाप रुपये माळेत घालायची तशीच. भोकामुळे किंमत उतरते, ती उतरवूनच घ्या. फसवणूक असते ती बुजवलेल्या भोकात. पदक उजेडात तिरपं धरा. डाख भरलेल्या जागेचा रंग वेगळा दिसतो आणि तिथली अक्षरं हाताने कोरलेली, वेडीवाकडी असतात.

रिठा, रांगोळी, दंतमंजन काही लावायचं नाही. तो काळपटपणाच ग्राहक बघतो. मऊ प्लास्टिकच्या पाकिटातही ठेवू नका, हिरवट चिकटा धरतो.

आणि शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू स्पेनबाहेर न्यायला सरकारी परवानगी लागते. गावी दाखवायला म्हणून खिशात टाकून विमानतळावर जाऊ नका. आईला मी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोच पाठवतो, ती दर वेळी विचारते, “घासलं का नाहीस रे?”