जुन्या फोटोतलं अनोळखी लष्करी विमान कसं ओळखायचं

धुळे-जळगावकडच्या कितीतरी घरांत हवाई दलातून निवृत्त झालेल्या आजोबांच्या ट्रंकेत विमानासमोर उभं राहून काढलेला फोटो सापडतो. मागे काहीच लिहिलेलं नसतं, नाहीतर नुसतं 'मिग'. ओझरचा मिग विमानांचा कारखाना शेजारच्या जिल्ह्यात, त्यामुळे आपल्याकडे कुठल्याही जेटला मिग म्हणून मोकळं होतात. त्या शब्दावर विसंबू नका.

फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर ओढू नका. चित्राचा थर काचेवरच राहतो. काचेसकट स्कॅन करा. पोस्टकार्डाएवढ्या प्रिंटला 600 डीपीआय पुरतं, त्याहून लहान असेल तर 1200. मग फोटो उलटा छापलाय का ते बघा. वैमानिकाचा पंखांचा बिल्ला त्याच्या डाव्या खिशावर असतो. तो उजवीकडे दिसला तर स्कॅन आरशातल्यासारखा डावी-उजवी उलटवून घ्या, नाहीतर पुढची सगळी खूण चुकते.

आता नाव शोधू नका, अंग बघा. इंजिनं किती, पंख धडाला कुठे जोडलाय (वर, मध्ये की खाली), शेपटी एक की दोन, चाकांचे पाय कसे. या गोष्टी रंगरंगोटीने बदलत नाहीत. पंख वर, त्याला खालून तिरके आधार आणि स्थिर चाकांवर मोठी आवरणं असतील तर ते लायसँडर. एकच गोल इंजिन, दोघांची लांब काच, आणि पंखाची पुढची कड धडापासून आधी मागे झुकून मग सरळ होत असेल तर व्हेंजन्स. हे डाइव्ह बॉम्बर (सूर मारून बॉम्ब टाकणारं विमान) भारतीय तुकड्यांनी ब्रह्मदेशच्या आघाडीवर वापरलं, पण आज फार थोड्यांना ठाऊक आहे. चार इंजिनं आणि जोडशेपटी असेल तर लिबरेटर. कानपूरला टाकून दिलेली ही विमानं एचएएल या भारतीय विमान कंपनीने दुरुस्त करून पुन्हा उडवली.

पंख्याची पाती माणसांच्या मागे झाकलेली असली तरी मोजता येतात. लागून असलेल्या दोन पात्यांमधला कोन घ्या: 120 अंश म्हणजे तीन पाती, 90 म्हणजे चार, 72 म्हणजे पाच. मात्र फोटो समोरून हवा, तिरक्या फोटोत कोन फसवतो. स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाला पाच पाती दिसली तर ग्रिफन इंजिनाचं मार्क (म्हणजे आवृत्ती) 14, 18 किंवा 19. मार्क 8 ला चारच.

जेटमध्ये हवा आत घेणारं तोंड बघा. नाकातच तोंड, पंख जवळपास सरळ आणि टोकांना टाक्या असतील तर तुफानी. तेच तोंड पण पंख मागे झुकलेले आणि टोकं मोकळी असतील तर मिस्टेअर. तोंडं धडाच्या दोन्ही बाजूंना, लांबी जवळपास 16 मीटर आणि मागे दोन नळ्या असतील तर जर्मन अभियंते कुर्ट टँक यांनी रचलेलं मारुत. तशीच बाजूची तोंडं, पण पंखांचा विस्तार 7 मीटरपेक्षाही कमी असेल तर नॅट किंवा अजित. ही दोन ओळखताना सगळ्यात जास्त घोळ होतो, कारण अजित नॅटवरूनच बनलं. पंखातच इंधन भरल्यामुळे अजितचे पंखाखालचे चारही पायलन (शस्त्रं किंवा टाक्या टांगायचे आधार) शस्त्रांना मोकळे झाले. पायलन दिसत नसतील तर तारीख कामी येते: अजितचा नमुना 1975 मध्ये उडाला, म्हणजे 1965 च्या युद्धाच्या फोटोत ते असूच शकत नाही. आणि खरंच मिग-21 निघालं तर नाकावरचा लांब दांडा बघा. तो वर अगदी मधोमध असेल तर एफएल प्रकार, वैमानिकाच्या उजवीकडे सरकलेला असेल तर एम किंवा बिस.

विमानावरचं देशाचं वर्तुळाकार चिन्ह आणि आकडे शेवटी. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक (लाल प्रकाश न टिपणाऱ्या) फिल्मवर लाल जवळपास काळा येतो आणि निळा फिका, त्यामुळे ब्रिटिश काळातलं चिन्ह परक्या देशाचं वाटतं. त्यात ब्रह्मदेशच्या आघाडीवर जपानी लाल गोळ्याशी गल्लत नको म्हणून चिन्हातला लाल रंग काढूनच टाकला होता. चिन्हात अशोकचक्र दिसलं तर फोटो स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतला.

एवढं करूनही नाव ठरलं नाही तर अंदाज लिहू नका. 'एक गोल इंजिन, पंख खाली, शेपटी एक' असं दिसलं तेवढंच पाकिटावर लिहा, फोटोच्या पाठीवर नको. शाई पुढून उमटते.